जनुक बदललेल्या उंदरांचे दृष्टिपटल वयाबरोबर कसे बदलते

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या ७९ वर्षांच्या आईला डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी वयोमानाने होणारी झीज, म्हणजे मॅक्युलाचा सुका आजार, असल्याचे निदान झाले आहे. जनुक बदललेल्या उंदरांवर प्रयोग करून म्हातारा डोळा पुन्हा तरुण करता आला, असे त्यांच्या वाचनात आले. जनुक बदलले की उंदराचा डोळा लवकर म्हातारा होतो का, त्या उंदरात दिसलेले माणसाला कितपत लागू पडते, आणि आईच्या जेवणात रोज मासे ठेवल्याने काही फरक पडेल का, अशा तीन गोष्टी त्यांना जाणून घ्यायच्या आहेत.

गुरुजी, पडद्याच्या आजारांचे शिक्षण पूर्ण झाल्यावर काही वर्षे मी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, काम केले आणि त्यानंतर कोकणात परत येऊन इथले रुग्ण तपासू लागले. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी थोडक्यात देते. जनुक बदलल्यामुळे उंदराचा डोळा सरसकट लवकर म्हातारा होतो, असे नाही. मी पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांपैकी बहुतेक उंदरांचे डोळे तरुणपणी जवळजवळ निरोगी असतात. वय झेलण्यासाठी डोळ्याजवळ ज्या अनेक सोयी असतात, त्यांपैकी एखादी त्या जनुकाबरोबर गेलेली असते, आणि ती गेल्याचे उंदीर वर्षा-दीड वर्षाचा झाल्यावर लक्षात येते. या संशोधनात वय हा प्रयोगाचा अर्धा भाग आहे आणि बातमीत नेमका तोच गळतो.

आधी साधा, काहीही न बदललेला उंदीर पाहू. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन ते अडीच वर्षे जगतो. तीन ते सहा महिन्यांचा उंदीर माणसाच्या विशी-तिशीच्या जोडीचा मानतात, दहा ते चौदा महिन्यांचा ३८ ते ४७ वर्षांच्या माणसाच्या, आणि दीड ते दोन वर्षांचा ५६ ते ६९ वर्षांच्या माणसाच्या. म्हणून ‘वृद्ध उंदीर’ असे शब्द वाचले की मी पहिल्यांदा महिन्यांचा आकडा शोधते. सहा महिन्यांच्या उंदरात दिसलेला बिघाड हा आजार असेल, पण त्याला वार्धक्य म्हणता येणार नाही. उंदराच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या, म्हणजे प्रकाशग्राही पेशी दोन प्रकारच्या: सुमारे ६४ लाख दंडाकार पेशी आणि भर उजेडात काम करणाऱ्या, १ लाख ८० हजारांच्या आसपास शंक्वाकार पेशी असतात, म्हणजे शंक्वाकार पेशींचे प्रमाण जेमतेम तीन टक्के भरते. उंदीर रात्री वावरणारा प्राणी असल्यामुळे मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशींवर त्याचा सगळा भर असतो. तुमच्या आईचा जो भाग झिजला आहे, ज्याने आपण पोथी वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखतो, तो मॅक्युला उंदराला नसतोच. ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना मनात ठेवावी लागेल.

जनुकांना हात न लावलेल्या उंदराचे दृष्टिपटलही वयाबरोबर बदलते. दंडाकार पेशींची संख्या कमी होते, आणि अडीच वर्षांच्या उंदराच्या डोळ्याची मंद उजेडातली संवेदनशीलता तरुण उंदरापेक्षा स्पष्टपणे खाली आलेली असते. ईआरजी, म्हणजे प्रकाशाचा झोत पडल्यावर दृष्टिपटलात उठणारा विद्युत प्रतिसाद मोजण्याची चाचणी, यात ती दिसते. दंडाकार पेशींकडून संदेश घेणाऱ्या द्विध्रुवी पेशी म्हातारपणी आपले तंतू नेहमीची हद्द ओलांडून वरच्या थरात पसरवतात, जणू हरवलेल्या जोडीदाराला शोधत असाव्यात. हे २००६ मध्ये निरोगी वृद्ध उंदरांत दाखवले गेले. मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशींच्या फांद्यांचा पसारा आक्रसतो. मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी तरुण डोळ्यात आतल्या थरांत राहतात, त्या वय वाढले की प्रकाशग्राही पेशींच्या पलीकडच्या पोकळीत उतरू लागतात. हा शेवटचा बदल लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यामुळे एक मोठा गैरसमज झाला.

माणसातही दंडाकार पेशीच आधी थकतात. १९९३ मध्ये दान केलेल्या डोळ्यांच्या तपासणीतून असे दिसले की वय वाढताना दृष्टिपटलाच्या मध्यभागातल्या दंडाकार पेशी जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतात आणि शंक्वाकार पेशींची संख्या मात्र बरीचशी टिकून राहते. आपल्याकडची म्हातारी माणसे हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. भर दुपारी खळ्यातल्या उन्हातून माजघरात आल्यावर पूर्वी क्षणात दिसू लागे, आता बराच वेळ भिंत धरून उभे राहावे लागते, अशी तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. उजेडातून काळोखात आल्यावर नजर बसायला लागणारा हा वेळ वाढणे ही दंडाकार पेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या थराची तक्रार असते. म्हणून मॅक्युला नसलेल्या उंदराकडूनही आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हा सांभाळणारा थर म्हणजे दृष्टिपटलाच्या मागचा रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एकेरी थर. वयाचा खरा भार त्याच्यावर पडतो. दंडाकार पेशीच्या बाहेरच्या टोकाला पातळ चकत्यांची, नाण्यांच्या चळतीसारखी रचना असते. या चकत्यांनी प्रकाश टिपायचा, आणि टिपता टिपता त्या खराब व्हायच्या. त्यामुळे रोज चळतीचा सुमारे एक दशांश भाग टोकाकडून झडतो, बुडाशी तेवढाच नवा तयार होतो, आणि दहा दिवसांच्या आसपास पूर्ण चळत बदलते. झडलेले तुकडे गिळून पचवण्याचे काम मागच्या थराच्या पेशींचे. प्रकाशग्राही पेशी आणि या थराच्या पेशी प्रौढपणी सहसा विभागत नाहीत, म्हणजे जन्मात मिळालेल्या त्याच पेशींनी सत्तर-ऐंशी वर्षे रोज ही साफसफाई करायची असते.

ही साफसफाई दिवसभर सारखी चालत नाही. उजाडल्यावर थोड्याच वेळात तिचा जोर एकदम वाढतो आणि मग ओसरतो. आपल्याकडे सकाळी उठल्यावर खळ्यातला पातेरा लोटून काढतात आणि मग दिवसाची बाकीची कामे सुरू होतात, तसे. या वेळापत्रकासाठी मागच्या थराच्या पेशींवर अल्फा-व्ही-बीटा-५ नावाचे इंटिग्रिन प्रथिन लागते. २००४ मध्ये त्यातल्या बीटा-५ भागाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या उंदरांत झडलेले तुकडे गिळणे थांबले नव्हते. फक्त सकाळचा जोर नाहीसा झाला होता आणि काम दिवसभरात विखुरले होते. तरुण उंदरांची दृष्टी चांगली होती. पुढे मात्र मागच्या थराच्या पेशींत लिपोफ्युसिन, म्हणजे अर्धवट पचलेल्या मेदाचा आणि प्रथिनांचा पिवळसर, चमकणारा गाळ साठत गेला, आणि वय वाढले तशी दृष्टी गेली.

जनुक बदललेल्या उंदरांच्या वार्धक्यावर मला एकच उदाहरण शिकवायची परवानगी मिळाली, तर मी हेच घेईन. यात कोणतेही यंत्र मोडलेले नाही. केवळ कामाची वेळ बिघडली आहे. एका दिवसाच्या बिघाडाने काहीच होत नाही, शंभर दिवसांनीही फारसे दिसत नाही, पण तीच चूक शेकडो सकाळी साठत गेली की पेशी गुदमरते. वय म्हणजे काय, या प्रश्नाला दृष्टिपटलापुरते याहून स्पष्ट उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

गाळ साठण्याचा दुसरा मार्ग एबीसीए४ या जनुकाचा आहे. प्रकाश टिपून झाल्यावर अ जीवनसत्त्वाचा वापरलेला रेणू चकतीतून बाहेर काढून देणारे प्रथिन या जनुकापासून बनते. माणसात ते बिघडले की स्टारगार्ट नावाचा आनुवंशिक आजार होतो, ज्यात लहानपणी किंवा तरुणपणीच मधली दृष्टी जाते. १९९९ मध्ये हे जनुक नसलेल्या उंदरांचे वर्णन झाले. त्यांच्या मागच्या थरात लिपोफ्युसिनचा एक प्रमुख घटक वेगाने साठत होता. त्यावरून तर्क असा निघाला की अ जीवनसत्त्वाचे चक्र थोडे मंद केले तर गाळ कमी साठेल आणि डोळा वाचेल, आणि उंदरांत चक्र मंद करणाऱ्या औषधाने गाळ खरोखर कमी झाला. मात्र याच विचारावर उभे राहिलेले एमिक्सुस्टॅट हे औषध वयोमानाच्या सुक्या आजाराच्या पुढच्या अवस्थेतल्या माणसांना देऊन पाहिले, तेव्हा झिजलेल्या भागाची वाढ त्याने मंदावली नाही. उंदरात गाळ कमी होणे आणि माणसात झीज थांबणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी गृहीत धरल्यामुळे अनेक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

प्राणवायूपासून तयार होणाऱ्या घातक रेणूंना आवर घालणारी जनुके काढून पाहिली, तेव्हाही हाच आकृतिबंध दिसला. सुपरऑक्साइड डिसम्युटेज-१ हे विकर नसलेल्या उंदरांत वय वाढले तसे दृष्टिपटलामागे ड्रुसेनसारखे, म्हणजे माणसाच्या मॅक्युलाच्या आजारात पडद्यामागे साठणाऱ्या गाळासारखे, पिवळट ठिपके वाढले, आणि जास्त उजेडात ठेवल्यावरही ते उमटले. पेशीच्या संरक्षक जनुकांना जागे करणारे एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांतही मागचा थर आणि त्यामागची रक्तवाहिन्यांची जाळी वयानुसार खालावत गेली. तपशिलात इथे फार शिरत नाही, कारण यापुढची पूरक प्रणालीची गोष्ट तुमच्या आईच्या आजाराशी अधिक जवळून जोडलेली आहे.

पूरक प्रणाली म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांची साखळी. तिने जंतूंवर हल्ला करायचा आणि आपल्या पेशींना सोडायचे, यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रथिनाला घटक-एच म्हणतात. २००५ मध्ये एकाच वेळी अनेक संशोधक गटांनी दाखवले की या घटकाच्या जनुकातला एका अक्षराचा फरक मॅक्युलाच्या वयोमानाच्या आजाराचा धोका बराच वाढवतो. साहजिकच हे जनुक अजिबात नसलेले उंदीर तपासले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे उंदीर दोन वर्षांचे झाल्यावर त्यांची दृष्टी आणि दंडाकार पेशींचा प्रतिसाद त्याच वयाच्या साध्या उंदरांपेक्षा कमी भरला, आणि दृष्टिपटलात पूरक प्रणालीचे सी-३ हे प्रथिन साठलेले सापडले. इथपर्यंत सगळे माणसाशी जुळते. पण मागच्या थराला आधार देणारे ब्रुखचे पटल, जे माणसात वयाबरोबर मेदाने भरून जाड होते, ते या उंदरांत पातळ झालेले होते. एकाच प्राण्यात एक गोष्ट माणसासारखी आणि दुसरी माणसाच्या उलट असू शकते, हे ज्यांनी या उंदरांवर काम केले त्यांनी स्वतःच नोंदवले, आणि मला त्याचा आदर वाटतो. पूरक प्रणालीचा मार्ग मात्र पुढे फळला: २०२३ मध्ये अमेरिकेत सुक्या आजाराच्या पुढच्या अवस्थेसाठी डोळ्यात टोचायची दोन औषधे मान्य झाली, जी ही प्रणाली रोखतात. ती झीज वाढण्याचा वेग कमी करतात. गेलेली नजर परत आणत नाहीत.

आता त्या गैरसमजाकडे येते. २००३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की सीसीएल-२ हे, रक्षक पेशींना हाक मारणाऱ्या रेणूचे जनुक नसलेल्या उंदरांत म्हातारपणी माणसासारखे ड्रुसेन दिसतात, आणि आजाराचा प्राणी-नमुना मिळाल्याचा मोठा आनंद झाला. डोळ्यात बघितल्यावर पिवळे ठिपके खरोखरच दिसत होते. २००९ मध्ये दुसऱ्या गटाने तेच ठिपके काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते ड्रुसेन नव्हते. दृष्टिपटलाच्या मागे उतरलेल्या, गाळ खाऊन फुगलेल्या आणि तिथेच अडकून पडलेल्या रक्षक पेशी तशा दिसत होत्या. म्हणजे साध्या उंदरात म्हातारपणी जे हळूहळू घडते, तेच या उंदरात लवकर घडत होते. नमुना म्हणून तो अपेक्षेपेक्षा निराळा निघाला, तरी वार्धक्याविषयी त्याने जे शिकवले ते मोलाचे आहे: गाळ उचलायला आलेल्या पेशींना परत जाता आले नाही, तर त्या स्वतःच गाळाचा भाग होतात.

याच कुटुंबातल्या दोन जनुकांचा एकत्रित अभाव असलेले उंदीर तर आणखी गाजले, कारण त्यांच्यात अगदी तरुणपणीच पडद्यावर डाग दिसत. पुढे कळले की त्या वंशात आरडी-८ हा तिसराच बदल लपलेला होता. क्रब-१ या जनुकातला हा दोष दृष्टिपटलाच्या खालच्या भागात पांढरट-पिवळे डाग पाडतो, आणि २०१२ मध्ये असे उघड झाले की सी५७-ब्लॅक-६-एन या अतिशय वापरात असलेल्या उपवंशात तो सर्रास आहे. जगभरात जनुक काढून टाकलेले कितीतरी उंदीर याच उपवंशाच्या मूलपेशींपासून तयार झाले आहेत. म्हणजे संशोधकाने काढलेल्या जनुकाशी डागाचा काही संबंध नसतानाही डाग दिसणार, आणि दोष भलत्याच जनुकाला लागणार.

हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या प्रयोगशाळेत बाहेरून आलेल्या एका वंशाचे उंदीर आम्ही चौदा महिने वाढवले, दर दोन महिन्यांनी ओसीटी, म्हणजे प्रकाशकिरणांनी घेतलेले पडद्याच्या थरांचे चित्र, काढले, आणि डाग वाढताना पाहून आमची खात्री होत चालली होती की आम्ही काढलेले जनुक पडद्याला जपत असणार. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आरडी-८ ची चाचणी करायला लावली आणि तो दोष दोन्ही गटांत सापडला; डाग आमच्या साध्या उंदरांतही होते, फक्त कमी, आणि आम्ही त्यांना वयाचे डाग समजत होतो. तो सगळा प्रयोग आम्हाला सोडून द्यावा लागला. वार्धक्याच्या संशोधनात चूक कळायलाही वार्धक्य यावे लागते, आणि म्हणून पहिल्या दिवशी केलेली पन्नास रुपयांची चाचणीसुद्धा नंतरच्या वर्षाएवढी मोलाची असते.

अशा लपलेल्या गोष्टी आणखीही आहेत. आरडी-१ हा दोष, ज्यात दंडाकार पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात, प्रयोगशाळेतल्या अनेक वंशांत पूर्वीपासून आहे; दंडाकार पेशी नसलेल्या उंदरांची नोंद १९२४ इतकी जुनी आहे. पांढऱ्या, रंगद्रव्य नसलेल्या उंदरांचा पडदा साध्या दिव्याच्या उजेडानेही खराब होतो, त्यामुळे रॅकच्या वरच्या फळीवरचा पिंजरा आणि खालच्या फळीवरचा पिंजरा यांत फरक पडू शकतो. उलट काळ्या सी५७ उंदरात आरपीई-६५ या जनुकाचा एक असा प्रकार असतो की प्रकाशग्राही रंगद्रव्य सावकाश परत तयार होते आणि डोळा उजेडापासून थोडा सुरक्षित राहतो. म्हणून तुलना करायची ती त्याच आईच्या पिलांत, त्याच वयात, त्याच उजेडात. यापैकी एकही अट सुटली तर ‘जनुकामुळे डोळा लवकर म्हातारा झाला’ हे वाक्य मी मान्य करत नाही. जनुक जन्मापासून नसेल तर डोळा घडतानाच काही राहून गेले की घडलेला डोळा पुढे झिजला, हेही वेगळे काढता येत नाही. यासाठी आता टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावर फक्त ठरावीक पेशींत, प्रौढपणी जनुक बंद होईल अशी व्यवस्था करतात. पण जनुक कापणारे क्रे हे विकर मागच्या थरात जास्त झाले तर ते स्वतःच, वय वाढेल तशी, त्या पेशींना इजा करते. तेव्हा फक्त क्रे असलेल्या उंदरांचा तिसरा गटही हवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे माणसाला काय लागू पडते याचे, उत्तर यातच दडलेले आहे. जिथे आजार एकाच जनुकाच्या अभावाने होतो, तिथे उंदीर फार विश्वासू साक्षीदार ठरतो. आरपीई-६५ अजिबात नसलेले उंदीर आणि तसाच दोष असलेले ब्रिआर्ड जातीचे कुत्रे यांच्यावरच्या कामातून पुढे मुलांच्या आनुवंशिक अंधत्वावरचा जनुकोपचार तयार झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमच्या आईच्या आजारात अनेक जनुकांचे लहान लहान वाटे, ऐंशी वर्षांचे वय, विडी-सिगारेटसारख्या सवयी आणि उंदराला नसलेला मॅक्युला हे सगळे एकत्र आलेले असते. तिथे उंदीर एखादी प्रक्रिया दाखवू शकतो. संपूर्ण आजार दाखवू शकत नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा डिसेंबर २०२० च्या, हार्वर्डमधल्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाच्या कामाची असावी. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवले होते की चार जनुके जागी केली तर प्रौढ पेशी मूलपेशीच्या अवस्थेकडे परत जाते, आणि त्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चारांपैकी कर्करोगाचा धोका असलेले एक वगळून उरलेली तीन, विषाणूच्या वाहनातून उंदराच्या डोळ्यात सोडली. वयाबरोबर डीएनएवर चढणाऱ्या मेथिलच्या खुणा, म्हणजे जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, त्यामुळे तरुण पेशीसारख्या झाल्या, चिरडलेल्या दृष्टिचेतेचे तंतू पुन्हा वाढले, आणि साधारण वर्षाच्या उंदरांची नजर सुधारली. काम देखणे आहे, त्यात शंका नाही. पण वर दिलेल्या हिशेबाने वर्षाचा उंदीर म्हणजे चाळिशीतला माणूस. अठरा महिन्यांच्या उंदरांत तशी सुधारणा दिसली नाही, कारण त्या वयात त्यांच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक भागच धूसर होऊ लागतो. शिवाय हा उपचार गँग्लियन पेशींवर होता, ज्या काचबिंदूत मरतात. तुमच्या आईच्या डोळ्यात बिघडलेला थर दृष्टिपटलाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी मागे आहे. म्हणून या बातमीवरून आईला आशा दाखवू नका, असे मी स्पष्टच सांगते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला खोटी आशा फार महाग पडते.

माशांचा प्रश्न मात्र मला मनापासून आवडला, कारण त्याच्या मागे एक खरी आणि ताजी गोष्ट आहे. प्रकाशग्राही पेशींच्या चकत्यांत डीएचए या मेदाम्लाचे प्रमाण शरीरातल्या बहुतेक ऊतींपेक्षा जास्त असते, आणि बांगडा, तारली, पेडवे यांत ते भरपूर मिळते. शरीरात ही लांब साखळीची मेदाम्ले तयार करायला ईएलओव्हीएल-२ या जनुकाचे विकर लागते. माणसाचे वय डीएनएवरून ओळखायचे झाले तर याच जनुकाच्या मेथिल-खुणा सर्वांत विश्वसनीय खुणांपैकी आहेत, हे २०१२ मध्ये लक्षात आले: वय वाढते तसे हे जनुक मिटत जाते. २०२० मध्ये या विकरातले एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले, ज्यांत २२ कार्बनची साखळी २४ ची करण्याचे काम बंद पडले. त्यांची नजर लवकर खालावली आणि मागच्या थराखाली साठे दिसले. साध्या वृद्ध उंदरांच्या डोळ्यात या जनुकावरच्या मेथिल-खुणा उतरवणारे औषध टोचल्यावर नजर काही प्रमाणात सुधारली. २०२५ मध्ये त्याच धाग्यावर पुढे जाऊन २४ कार्बनचे मेदाम्ल थेट वृद्ध उंदरांच्या डोळ्यात टोचले, तेव्हाही दृष्टी सुधारली, पण नुसत्या डीएचएने ते साधले नाही.

त्यामुळे रोज मासे खाल्ल्याने आईच्या पडद्याचे वय मागे जाईल, असे म्हणता येत नाही. वयाबरोबर जी पायरी बंद पडते ती ताटातल्या डीएचएच्या पुढची आहे. माणसांत याची थेट तपासणीही झाली आहे. ४,२०३ जणांवरच्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात जीवनसत्त्वे-जस्ताच्या ठरलेल्या गोळ्यांबरोबर माशांतली ओमेगा-३ मेदाम्लेही दिली, पण त्यांनी आजार पुढे सरकणे आणखी कमी झाले नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ताजा बांगडा किंवा तारली जरूर द्या, हृदयासाठीही ते चांगले आहे. रक्तदाब असेल तर पावसाळ्यातले खारवलेले सुके मासे मात्र बेताने. क, ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे, ल्युटिन आणि झिअँथिन असलेल्या गोळ्यांचा उपयोग आजार मध्यम अवस्थेत असेल तर होतो. त्याआधीच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेव्हाच्या मूळ गोळ्यांमुळे पाच वर्षांत आजार पुढच्या अवस्थेला जाण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटली होती. आईची अवस्था कोणती आहे, हे पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून मगच त्या सुरू करा. जुन्या मिश्रणात बीटा-कॅरोटिन असे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून ते असलेली बाटली घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आजपासून घरीच सुरू करा. आईला रोज सकाळी नेहमीचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, खिडकीच्या गजांकडे बघायला सांगा. सुका आजार कधीकधी ओल्या प्रकारात बदलतो, पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या फुटून पाणी किंवा रक्त झिरपू लागते, आणि तेव्हा सरळ गज मध्येच वाकडे किंवा तुटलेले दिसू लागतात. असे दिसले तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दोन-तीन दिवसांच्या आत, ओसीटी आणि डोळ्यात इंजेक्शन देण्याची सोय असलेल्या ठिकाणी, मग ते जिल्ह्यात असो की कोल्हापूरला किंवा गोव्याला, आईला घेऊन जा.